भाग चौथा, एकच सप्ताह

सोमवारी दुपारी गुळाच्या ढेपेवरच्या माशा वारता वारता मन्मथप्पांनी फोन कानाला लावला आणि पलीकडून "चारशे" एवढा शब्द ऐकून ते हातातल्या तराजूसकट थबकले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "चारशे न्हाई अप्पा, पावशेर द्या." अप्पांनी त्याला हातानंच गप्प केलं. फोनवर संभाजीनगरच्या सिनेमा कंपनीतल्या मंजुषा मॅडम होत्या, आणि त्या जे सांगत होत्या ते ऐकल्यावर गूळ कुणाला सुचतो?

"सर, ‘गर्जनसिंग भाग चौथा’ तुम्हाला शुक्रवारी देतोय. पण रविवारी रात्री नऊपर्यंत चारशे तिकिटं गेली पाहिजेत. नाही गेली तर सोमवारी पिक्चर उतरणार आणि तुमचं टॉकीज आमच्या यादीतून कमी होणार."

"कमी म्हंजे?"

"म्हणजे यापुढे नवा पिक्चर पहिल्या शुक्रवारी तुम्हाला नाही. जुना झाला की मिळेल."

"जुना झाला की तर तो मोबाइलवर येतो की."

"हो ना सर," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं. "महिन्याभरात येतो. म्हणून तर आता सगळं पहिल्या तीन दिवसांवर असतं."

दिंद्रुडच्या पेठेत मन्मथप्पांचं किराणा दुकान आणि दुकानाच्या पाठीमागं त्यांचं शिवशक्ती टॉकीज. खुर्च्या साडेचारशे, त्यातल्या चाळीसेक अशा, की बसणाऱ्यानं आपापल्या जबाबदारीवर बसावं. दुकान पोटासाठी आणि टॉकीज इभ्रतीसाठी, अशी सरळ वाटणी होती. किराणावाले पंचक्रोशीत पन्नास निघतील, पण ‘टॉकीजवाले अप्पा’ म्हटलं की माणूस एकच. टॉकीज गेलं की ते नुसते अप्पा उरणार, आणि नुसते अप्पा दिंद्रुडात गल्लीला तीन आहेत.

गर्जनसिंग कोण हे दिंद्रुडात कुणाला सांगावं लागत नाही, पण आपले वाचक बाहेरगावचे असतील, म्हणून सांगून टाकतो. गर्जनसिंग हा एक प्रामाणिक ट्रक ड्रायव्हर. तो बोलतो कमी आणि माणसं फेकतो जास्त. त्याचा पहिला भाग शिवशक्तीत पाच आठवडे चालला, दुसरा दोन. तिसरा टॉकीजकडं न येता परस्पर मोबाइलवर गेला, आणि ही गोष्ट मन्मथप्पांच्या मनाला इतकी लागली की त्यांनी त्या वर्षभर दुकानात मोबाइलची रिचार्ज कार्डं ठेवली नाहीत. आता चौथा पुन्हा टॉकीजमध्ये येत होता.

त्यांचा मुलगा वीरेश बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवतो. तिकिटाच्या कॉम्प्युटरवर बसायला तो मंगळवारीच रजा घेऊन आला, आणि येताना स्टॅम्पपेपरवर एक मजकूर टाइप करून घेऊन आला. टॉकीजचं मंगल कार्यालय करायचं, असा तो मजकूर होता.

"अप्पा, हिशोब साधा हाय," वीरेश म्हणाला. "पडदा काढला की स्टेज तयार. लग्नं मोबाइलवर होत न्हाईत."

बोलणं बरोबर होतं, आणि मुलाचं बरोबर असलं की बापाला जास्त झोंबतं. दुकानासमोरच्या बाकावर भगवानराव बसलेले होते, आत उमाबाई ज्वारी निवडत होत्या. अशा भरल्या सभेत मन्मथप्पा बोलून गेले, "रविवारच्या नऊपर्यंत चारशे झाली न्हाईत, तर सोमवारी सकाळी सही करतो. माझा शब्द हाय." उमाबाईंनी सुपावरून मान वर केली, नवऱ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. पस्तीस वर्षांत त्यांनी असे बरेच शब्द निस्तरले होते.

भगवानराव हे निवृत्त ग्रामसेवक. ग्रामसेवकीतून निवृत्त झाले, सल्ल्यातून नाही. ते म्हणाले, "अप्पा, तुमची अडचण चौथ्या भागाची न्हाईच. तिसऱ्याची हाय. तिसऱ्यात गर्जनसिंग मेला का जगला?"

हे खरोखर कुणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या गावानं तिसरा भाग मोबाइलवर पाहिला होता, पण एकाच फोनभोवती आठआठ जण बसून, आणि शेवटच्या वीस मिनिटांत ज्याच्या त्याच्या फोनचा डेटा संपला होता. त्यामुळं मेला म्हणणारे आणि जगला म्हणणारे असे दोन तट पडले होते. मेला म्हणणारे चौथा भाग बघायला येणार नव्हते, कारण मेलेल्याचं काय बघायचं?

"आटोवर स्पीकर लावा," भगवानराव म्हणाले. "तिन्ही भागांची कथा गावोगाव सांगा. स्पीकरच्या परवानगीचा अर्ज मी लिहून देतो."

अर्ज त्यांनी लिहिला. त्यात ‘चित्रपट आठवडा’ लिहायचं होतं, पण आठवडा हा शब्द बाजाराचा, सरकारी अर्जात शोभत नाही, असं त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीतलं मत. म्हणून त्यांनी ‘चित्रपट सप्ताह’ लिहिलं. अक्षर असं, की मुंग्या शाईतून चालत गेल्या असाव्यात.

बुधवारी मन्मथप्पा तालुक्याला एका कचेरीत गेले. दहा मिनिटांत परवानगी मिळाली. त्या कचेरीतून दहा मिनिटांत पिण्याचं पाणीसुद्धा मिळत नाही, तेव्हाच खरं तर त्यांनी सावध व्हायला पाहिजे होतं. पण कागद त्यांनी वाचला तो परतीच्या एसटीत. कागदावर शिक्का होता, सही होती आणि मजकूर होता: ‘श्री. गर्जनसिंग चरित्रपाठ सप्ताह, मौजे दिंद्रुड. ध्वनिक्षेपकास परवानगी. पुकारा मंजूर मजकुराबरहुकूम करावा, अन्यथा ध्वनिक्षेपक जप्त.’ कचेरीतल्या बाबूनं ‘चित्रपट’चं ‘चरित्रपाठ’ वाचलं होतं आणि भक्तिभावानं शिक्का मारला होता.

मन्मथप्पा पुढच्या थांब्यावर उतरले, उलटी गाडी धरली आणि परत कचेरीत गेले. बाबू तेवढ्यात नारायणगडला देवदर्शनाला गेलेला. रजा सोमवारपर्यंत. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "आता दुरुस्ती म्हंजे नवा अर्ज. आन् सिनेमाचा म्हणाल तर चार दाखले आन् एकवीस दिवस. हाय ते घ्या की, काका. देवाच्या नावानं मिळालंय." मन्मथप्पांना ‘काका’ खटकलं, पण वेळ भांडायची नव्हती.

बरं, बोर्ड रंगवायला दिला होता लखन पेंटरला. लखनकडं ‘भव्य सप्ताह’ असा तयार साचा होता, दोन्ही बाजूंना कमळं असलेला, कारण वर्षाकाठी त्याला पंधरा-वीस सप्ताहांचे बोर्ड असतात. अप्पांनी त्याला ‘फक्त एक आठवडा’ सांगितलं होतं. लखननं साचा मारला आणि खाली लिहिलं, ‘एकच सप्ताह! शुक्रवार ते गुरुवार.’ वर गर्जनसिंग हातात टायर घेऊन उभा, दोन्हीकडं कमळं. गुरुवारपासून आटो फिरायला लागला. आटोवाला सरळमार्गी, कागदातला एक शब्द इकडचा तिकडं करेना. वीरेशनं लिहून दिलेलं कथानक त्यानं जप्तीच्या भीतीनं खिशातच ठेवलं आणि ‘श्री गर्जनसिंग चरित्रपाठ सप्ताह’ एवढंच गावोगाव पुकारत राहिला. मन्मथप्पांनी मनाची समजूत घातली, की गर्जनसिंग काय लोकांना नवीन आहे? पडद्यावर चरित्रच दाखवणार आहोत ना त्याचं.

शुक्रवार उजाडला. हल्ली पिक्चरची पेटी येत नाही. पिक्चर मशीनमध्ये आधीच येऊन पडतो आणि त्याला कुलूप असतं. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, आणि तो ईमेलनं येतो. बाराचा खेळ, साडेअकराला किल्ली नाही. बारा वाजले. बाहेर नऊ माणसं उभी होती, ती सव्वाबाराला सात झाली. मंजुषा मॅडम म्हणाल्या, पाठवली. वीरेश म्हणाला, आली नाही. तीनचा खेळ गेला. साडेचारला वीरेशला सुचलं की कंपनीकडं त्याच्या क्लासचा जुना ईमेल आहे. तो उघडला, तर दोनशे सतरा पोरांच्या गैरहजेरीच्या अर्जांखाली गर्जनसिंगची किल्ली निवांत पडून होती. शुक्रवारचा एकच खेळ झाला, साडेसहाचा. तिकिटं एकतीस.

"तीनशे एकोणसत्तर राहिली," वीरेश म्हणाला.

"मला वजाबाकी येती," मन्मथप्पा म्हणाले.

शनिवारी बारा आणि तीनचे खेळ मिळून तेरा. साडेचारला मन्मथप्पा दुकानात बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाला सुट्टे चुकून जास्त देत होते. तेवढ्यात दगडाबाई आली. दगडाबाई म्हणजे आप्पाराव मेंढपाळाची बायको, माळावरच्या वस्तीवर राहणारी.

"अप्पा, पाच नारळ द्या. समाप्तीला लागतेत."

"कशाच्या समाप्तीला?"

"तुमच्या सप्ताहाच्या की. बेस्तरवारी हाय ना? आमची समदी वस्ती येनार. इचारीन म्हणलं, काल्याचं कीर्तन कोन महाराज करनार? आन् म्हाप्रसादाला काय हाय?"

मन्मथप्पांच्या हातातला नारळ पोत्यात पडला. आता ज्याला आमच्याकडची रीत माहीत नाही त्यानं एवढं ध्यानात घ्यावं, की सप्ताहाला पहिल्या दिवशी माणूस नसतंच. विणेकरी, टाळकरी आणि ज्यांना घरी काम नाही ते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुजबुज सुरू होते आणि सातव्या दिवशी काल्याला आणि महाप्रसादाला अख्खा मुलूख लोटतो. कंपनीचा हिशोब पहिल्या तीन दिवसांचा आणि दिंद्रुडचा शेवटच्या एका. गाव येणार होतं, भरभरून येणार होतं, पण गुरुवारी. आणि टॉकीज मरणार होतं रविवारी.

"आवं दगडाबाई, हा पिच्चर हाय. गर्जनसिंगचा."

"ठावं हाय की. पोरगी म्हणली, त्यो मेलता आन् परत आला. म्हणूनच सप्ताह ठिवला आसंल न्हवं?"

मन्मथप्पांनी मंजुषा मॅडमना फोन लावला. मोजणी गुरुवारी करा, म्हणाले, गुरुवारी आठशे दाखवतो. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या हातात असतं तर केलं असतं. पण सोमवारनंतरचा आकडा वरती कुणी बघतच नाही." ‘सर’ म्हणून नकार मिळाला की माणसाला धड रागावताही येत नाही.

संध्याकाळच्या खेळाला नऊ. शनिवार बावीसवर संपला. आतापर्यंत त्रेपन्न. त्या दिवशी मन्मथप्पा जेवले नाहीत. वीरेशनं स्टॅम्पपेपरचं नावही काढलं नाही, आणि ते तर त्यांना जास्तच लागलं.

"समाप्ती उद्याच करा," भगवानराव बाकावरून म्हणाले.

"तीन दिवसांत? सप्ताह खंडित केला म्हणून गाव मला दारात उभं करंल का?"

"सात दिवस कावून पाह्यजेत? सात पारायणं पाह्यजेत." भगवानरावांनी बोटं पुढं केली. "काल किती खेळ झाले? किल्लीपायी एकच. आज तीन. चार झाले. उद्या तीन. किती?"

मन्मथप्पांनी वीरेशकडं बघितलं. वीरेश गणिताचा मास्तर, तो म्हणाला, "सात."

"उद्या सांजच्याला सातवं पारायण. समाप्ती. महाप्रसाद खेळ संपल्यावर. आधी न्हाई, न्हाई तर जेवून घरी जातील."

आता राहिला महाप्रसाद. ही गोष्ट उमाबाईंच्या कानावर घालायला तिघंही पुरुष आत गेले, आणि तिघंही दारापाशी थांबले. उमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती पानं?"

"पाचशे धरून चाल," मन्मथप्पा म्हणाले.

"मी आजवर तुमच्या टॉकीजमधी एक पिच्चर बघितला न्हाई, कावून की खेळाच्या टायमाला तुमाला दुकानात मी लागते. आन् आता त्या ड्रायव्हरच्या नावानं मी पाचशे माणसांचा सैपाक करायचा?" एवढं बोलून त्या उठल्या आणि मोठी कढई कुणाकडं आहे याची चौकशी करायला शेजारी गेल्या. त्यांना टॉकीजची पर्वा होती असं नाही. नवऱ्यानं दोन घास खाल्ले नव्हते, तेवढं त्यांना पुरलं.

रविवारी सकाळपासून आटो फिरला. ‘समाप्ती आज. सातवं पारायण. साडेसहाला.’ हा मजकूर मंजूर नव्हता, पण आटोवाल्याला उमाबाईंनी बुंदी बांधून दिली होती. बाराच्या खेळाला सहा, तीनच्या खेळाला आठ. एकूण सदुसष्ट. पाचला रस्ता मोकळा. साडेपाचला मन्मथप्पा तीनदा वेशीपर्यंत जाऊन आले. पावणेसहाला माळाच्या बाजूनं धूळ दिसली. मग ट्रॅक्टर आले, टमटम आले, मोटारसायकलवर चौघं-चौघं आले, बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या. कपाळाला बुक्का लावलेले चार टाळकरी टाळांसकट आले आणि आपली जागा कुठं म्हणून विचारायला लागले. मन्मथप्पा दाराशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे लपवायचं काही कारण नाही.

साडेसहाला खुर्च्या भरल्या. जिन्यावर, भिंतीकडेला माणसं बसली. मन्मथप्पा तिकिटाच्या खिडकीशी धावले.

"किती झाली?"

वीरेश त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "एकशे त्रेसष्ट."

"मघाची धरून?"

"धरून."

"आरं, आत पाचशे माणूस हाय."

"हाय ना. पर घरटी एक तिकीट घेतलंय त्यांनी. सप्ताहाची वर्गणी घरटी आसती, अप्पा. एक पावती, आख्खं घर." वीरेशनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. "कुणी फसवलं न्हाई. पावती दाखवून रीतसर आत गेलेत."

हे मात्र मन्मथप्पांच्या डोक्यात आलं नव्हतं. टॉकीज तुडुंब आणि आकडा अजून चारशेच्या निम्म्यालाही नाही. भगवानराव म्हणाले, माइकवरून सांगा, माणशी एक घ्या. मन्मथप्पा माइक हातात घेऊन पडद्यापुढं गेले. पाचशे तोंडं त्यांच्याकडं. टाळकऱ्यांनी एकदा टाळ वाजवले. मन्मथप्पांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. ज्यांना जेवायला बोलावलं त्यांच्यापुढं हात कसा पसरायचा? ते म्हणाले, "सगळे आलात, लई बरं वाटलं," आणि माइक ठेवून खाली उतरले. भगवानरावांनी कपाळावर हात मारला.

पिक्चर सुरू झाला. गर्जनसिंग जिवंत निघाला आणि मेला म्हणणाऱ्यांनीच जास्त शिट्ट्या मारल्या. मन्मथप्पा मात्र मागच्या भिंतीला टेकून घड्याळ बघत होते. पावणेआठला मध्यंतर पडलं. ते असं पडलं, की गर्जनसिंग एका पुलाला एका हातानं लोंबकळतोय, खाली नदी, वर शत्रू त्याची बोटं बुटानं चेपतोय, आणि चित्र तिथंच थांबलं.

वीरेश खिडकीतून उठून आत आला होता. तो आप्पारावला काहीतरी हळू सांगत होता. आप्पाराव, दगडाबाईचा नवरा, तीनशे मेंढरांचा धनी. तो काठी टेकत उठला आणि माइक न घेताच बोलला. त्याचा आवाज माळावर पल्याडच्या कळपाला ऐकू जातो, टॉकीजचं काय.

"ऐका बे समदे. अप्पा बोलनार न्हाईत, लाजतेत. हितं पावती घरटी न्हाई, डोक्याला एक लागती. नऊच्या आत चारशे न्हाई झाले तर उद्या हे टाकीज बंद. लग्नाचा हाल करनार हायेत. कळप मोजताना मी घरं मोजतो का डोकी?"

"डोकी," कुणीतरी म्हणालं.

"मंग उठा. या दारानं भाईर, खिडकीवर तिकीट, त्या दारानं आत. ढकलाढकली करायची न्हाई."

आणि माणसं उठली, हे आश्चर्य सांगायलाच पाहिजे. कुणी ‘कावून’ म्हणालं नाही. आप्पाराव दारात काठी आडवी धरून उभा राहिला आणि एकेकाला सोडायला लागला. वीरेशची बोटं कधी एवढी भरभर चालली नव्हती. मशीन तिकिटं ओकत होतं. दोनशे. दोनशे चाळीस. मध्येच कागदाची गुंडाळी संपली, ती बदलण्यात चार मिनिटं गेली आणि त्या चार मिनिटांत मन्मथप्पांना दोनदा पाणी प्यावं लागलं. तीनशे. आठ वाजून वीस मिनिटं. तीनशे तीस. भगवानराव मोठ्यानं आकडे म्हणत होते आणि मागून बाया ते पुढं सांगत होत्या. आठ पस्तीस. तीनशे साठ. रांग अजून पुढं होती आणि घड्याळात पंचवीस मिनिटं शिल्लक. होत होतं. डोळ्यांसमोर होत होतं.

तेवढ्यात आतून दगडाबाई बाहेर आली. हातात तिकीट, पदर सुटलेला, चेहरा उतरलेला.

"अप्पा, त्याला किती येळ तसंच टांगून ठिवलंय वो. पाऊन तास झाला. हात सुटंल की त्याचा."

मन्मथप्पा हसले नाहीत. त्यांनी दारातून आत डोकावलं. तिकीट घेऊन परत बसलेली शे-दोनशे माणसं पडद्याकडं बघत गप्प बसली होती. पोरं पेंगायला लागली होती. पुलावर गर्जनसिंग तसाच. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. शिवशक्तीत ते कधी सोळा मिनिटांचं झालं नव्हतं, वीज गेली ती वेळ सोडून.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"तीनशे एकाहत्तर," वीरेश म्हणाला. "अप्पा, दहा मिनिटं. फक्त दहा. एकोणतीसच राहिली."

"पिच्चर सुरू कर."

"अप्पा!"

"आत बसलेल्यांनी तिकीट काढलंय. त्यांचा पिच्चर अडवून ठेवायचा हक्क मला न्हाई." एवढं बोलून ते स्वतःच मशीनच्या खोलीकडं चालायला लागले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. आतून गर्जनसिंगची आरोळी आली, आणि बाहेरची सगळी रांग तिकीट-बिकीट टाकून आत पळाली. आप्पारावसुद्धा काठी घेऊन पळाला. खिडकीपाशी वीरेश एकटा राहिला. नऊ वाजले तेव्हा मशीनवर तीनशे एकाहत्तरच होती. मग महाप्रसाद झाला. पाचशे म्हणता सातशे पानं उठली आणि टाळकऱ्यांनी शेवटी गर्जनसिंगाच्या नावानं एक गजर केला.

सोमवारी सकाळी साडेआठला मंजुषा मॅडमचा फोन आला. मन्मथप्पांनी तो उभं राहून घेतला.

"सर, तुम्ही आमच्या पूर्ण विभागात दुसरे आलात. चारशे कुणालाच झाली नाहीत हो. मॉलमधल्या थिएटरात परवा एका खेळाला पाच माणसं होती. लोक म्हणतात, महिनाभर थांबतो, घरीच बघतो. तुमच्याकडं नक्की काय केलंत?"

"सप्ताह," मन्मथप्पा म्हणाले.

"काय म्हणालात? असो. तुम्ही यादीत राहताय. पाचवा भाग पुढच्या पाडव्याच्या आसपास येईल, तो पहिल्या शुक्रवारी तुम्हाला."

त्यांनी फोन ठेवला आणि बाकावरच्या भगवानरावांना सांगितलं. भगवानरावांनी स्वतःचं अभिनंदन केलं. मन्मथप्पा आत गेले, डोळ्यांना चष्मा लावला आणि वीरेशला म्हणाले, "आण तो कागद."

"कशाला? कंपनी हो म्हणली ना."

"कंपनीला मी शब्द दिलाच नव्हता. तुला दिलता. चारशे म्हणलतं. झाली तीनशे एकाहत्तर."

बापाचा हात वीरेशपुढं आलेला होता. त्यानं कागद दिला. मन्मथप्पांनी शेवटच्या ओळीखाली सही केली, ठळक, वळणदार, टॉकीजच्या पहिल्या परवान्यावर केली होती तशी. मग पेनाचं टोपण लावलं आणि खाली बघत बसले. रात्री पानं उठल्यावर वीरेश शेवटी एकदा टॉकीजमध्ये गेला होता, आणि भुईमुगाची टरफलं आणि सांडलेली बुंदी बघत बराच वेळ एका मोडक्या खुर्चीवर बसून राहिला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं कागद घेतला, वाचला.

"पाचवा भाग कधी येनार म्हणली ती बाई?"

"पुढच्या पाडव्याच्या आसपास."

"ह्याच्यावर तारीख टाकायची राहिली, अप्पा. बिनतारखेचा कागद चालत न्हाई." वीरेशनं कागदाची चार घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ती पाडव्यानंतर टाकू."

मन्मथप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत लावला, आणि परत काढून परत पुसला.

मागच्या दारातून उमाबाईंचा आवाज आला. "पाचव्या भागाला मी बुंदी करनार न्हाई, आत्ताच सांगते. आन् त्या दोन कढया सोनारगल्लीत परत द्यायच्या हायेत, घासल्याबिगर देता येत न्हाईत. दोघंबी या."

दोघंही गेले.